मूळचे कुठले? : अमेरिकी वारसा-अभ्यासाची प्रस्तावना

अमेरिकेचा जनगणना विभाग दर वर्षी लाखो घरांना एक लांबलचक प्रश्नावली पाठवतो. घरात खोल्या किती, नळाला गरम पाणी येते का, कामावर पोहोचायला किती मिनिटे लागतात, अशी विचारपूस चालू असतानाच मध्येच एक प्रश्न येतो : या व्यक्तीचे पूर्वज कुठले, तिचे वांशिक मूळ कोणते? इथे खूण करायला चौकटी नाहीत. मोकळ्या ओळी आहेत आणि सोबत नमुन्यादाखल काही नावे : इटालियन, जमैकन, कंबोडियन, नॉर्वेजियन, लेबनीज, पोलिश, नायजेरियन वगैरे. माणसाने हवे ते लिहावे, पुरावा कोणी मागत नाही. कोणी ‘आयरिश’ लिहितो, कोणी ‘जर्मन आणि स्वीडिश’. २००० सालच्या जनगणनेत तर सुमारे २ कोटी लोकांनी नुसते ‘अमेरिकन’ असे लिहून विषय संपवला. केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ पट्ट्यात हे उत्तर विशेष आढळते. तिथल्या अनेक घराण्यांचा समुद्रापलीकडचा धागा इतक्या पिढ्यांपूर्वी सुटला, की आता तो शोधावा असेही त्यांना वाटत नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. आपल्याकडे ओळख झाली की दुसरे वाक्य ‘मूळचे कुठले?’ हेच असते. गिरगावात तीन पिढ्या काढलेला माणूस बेधडक ‘आम्ही मालवणचे’ म्हणतो आणि त्याने त्याच्या मुंबईकर असण्याला कुठेही ओरखडा उठत नाही. बोस्टनमधला माणूस ‘मी आयरिश आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा सूर साधारण असाच असतो. डब्लिनच्या पाहुण्याला मात्र ते ऐकून हसू येते. त्याच्या लेखी आयरिश म्हणजे आयर्लंडचा पासपोर्ट असलेला. पण मालवणच्या उदाहरणाने फार पुढे जाता येत नाही. अमेरिका हे राष्ट्र जन्मतःच सांगत आले की इथे कूळ-वंश विचारला जाणार नाही, तत्त्वे मान्य करणारा तो अमेरिकन. आणि त्याच राष्ट्राने १७९० च्या पहिल्याच नागरिकत्व-कायद्यात अट घातली, की परदेशातून येणाऱ्याला नागरिक व्हायचे असेल तर तो ‘मुक्त गोरा’ असला पाहिजे. एका हाताने कूळ पुसायचे आणि दुसऱ्या हाताने नोंदवायचे, हा उद्योग तिथे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

त्या उद्योगाचा अभ्यास म्हणजे हे क्षेत्र. त्यात इतिहासकार आहेत, समाजशास्त्रज्ञ आहेत, लोकसंख्याशास्त्रज्ञ, कायद्याचे अभ्यासक, लोकसाहित्याचे अभ्यासक आहेत, आणि अलीकडे जनुकांच्या चाचण्या करणारेही येऊन बसले आहेत. प्रत्येकाची भाषा वेगळी. पण या साऱ्या गलबल्याच्या तळाशी मला एकच प्रश्न दिसतो : ‘मूळचे कुठले’ हे सांगायची मुभा कोणाला आहे आणि सांगायची सक्ती कोणावर आहे? नवख्या वाचकाने हा प्रश्न हाताशी ठेवला, तर पुढची वाट बरीच सोपी होईल असे मला वाटते.

आधी आकड्यांकडे जाऊ, कारण नवखा अभ्यासक पहिल्यांदा ठेचकाळतो तो तिथेच. पूर्वी जनगणनेत आईवडिलांचा जन्म कुठे झाला एवढेच विचारत. त्यामुळे तिसऱ्या पिढीपासून माणूस आकड्यांतून नाहीसा होई. पूर्वजांविषयीचा खुला प्रश्न पहिल्यांदा आला १९८० साली. त्या वेळी इंग्लिश मूळ सांगणारे आणि जर्मन मूळ सांगणारे असे दोन्ही गट प्रत्येकी जवळपास ५ कोटींचे निघाले. दहा वर्षांनी जर्मन ५ कोटी ८० लाखांवर गेले आणि इंग्लिश सव्वातीन कोटींवर घसरले. या दहा वर्षांत इंग्लिश वंशाच्या माणसांवर कोणतीही आपत्ती कोसळली नव्हती. बदलली होती ती नमुन्यादाखल दिलेल्या नावांची यादी. १९८० च्या यादीत ‘इंग्लिश’ होते. १९९० च्या यादीतून ते गेले आणि पहिले नाव आले ‘जर्मन’. लुइझियानातल्या फ्रेंच परंपरेच्या केजन लोकांचे उदाहरण तर याहून गमतीचे आहे. १९८० मध्ये स्वतःला केजन म्हणवणारे काही हजारांत मोजण्याइतके होते. १९९० च्या यादीत ‘केजन’ हा शब्द छापला गेला आणि संख्या ६ लाखांच्या वर गेली. २०२० च्या जनगणनेत मूळ वंशाच्या प्रश्नाखालीच लिहायला जागा दिली गेली, आणि इंग्लिश मूळ सांगणारे ४ कोटी ६६ लाख होऊन पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले.

याचा अर्थ लोक खोटे बोलतात असा नाही. ज्याचे आजी-आजोबा चार देशांतून आलेले असतात, त्याला चारही उत्तरे खरीच असतात; त्यांतले कोणते जिभेवर येईल हे त्या दिवशी समोर काय दिसते यावर ठरते. १९७१ मध्ये एका सरकारी पाहणीत ज्यांना मूळ विचारले, त्यांतल्या बऱ्याच जणांना वर्षभराने पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला, आणि सुमारे एक तृतीयांश लोकांनी वेगळेच उत्तर दिले. मायकेल हाउट आणि जोशुआ गोल्डस्टीन यांनी १९९४ मध्ये एक सुंदर कोडे सोडवायला घेतले : आयर्लंडमधून आलेले स्थलांतरित सुमारे ४५ लाख, मग आयरिश म्हणवणारे अमेरिकन ४ कोटी कसे? नुसत्या जन्मदराने हा हिशेब जुळत नाही. मिश्र विवाहांतल्या मुलांनी अनेक पर्यायांतून ‘आयरिश’ उचलले, हे त्या वाढीचे एक मोठे कारण. आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो. धर्माविषयी सक्तीने विचारायला जनगणना विभागाला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे कोणी ‘ज्यू’ असे लिहिले, तर ते उत्तर तक्त्यांत येत नाही. ज्या समाजाने अमेरिकी शहरी संस्कृतीवर एवढा ठसा उमटवला, तो या आकड्यांत रशियन किंवा पोलिश म्हणून सापडला तर सापडतो.

हा प्रश्न आज जितक्या खेळीमेळीने विचारला जातो, तितका नेहमी विचारला जात नसे. १२ ऑक्टोबर १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, कॅथलिकांच्या ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या संघटनेपुढे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ठणकावले, की या देशात जोडरेघेच्या अमेरिकनांना जागा नाही. आयरिश-अमेरिकन, जर्मन-अमेरिकन यांच्या मधल्या त्या आडव्या रेघेवर त्यांचा रोख होता. युरोपात युद्ध पेटले होते आणि संशयाचा काटा जर्मनांकडे वळला होता. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि मग ताळतंत्र उरला नाही. आंबवलेल्या कोबीचे जर्मन नाव बदलून ‘लिबर्टी कॅबेज’ करण्यात आले. आयोवाच्या गव्हर्नरने १९१८ मध्ये फर्मान काढले, की शाळेत, आगगाडीत, चर्चमध्ये, इतकेच काय टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय बोलायचे नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात जमावाने रॉबर्ट प्रेगर या जर्मन स्थलांतरिताला झाडाला लटकवून मारले.

युद्ध संपले तरी धग राहिली. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा केला, की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही. हॅम्प्टन नावाच्या खेड्यात लुथरन पंथाची एक लहानशी शाळा होती, झायन नावाची. २५ मे १९२० रोजी तिथे रॉबर्ट मेयर हा शिक्षक दहा वर्षांच्या एका मुलाकडून जर्मनमधली बायबलची गोष्ट वाचून घेत होता. एवढ्यात जिल्ह्याचा सरकारी वकील वर्गात आला. मेयरला पर्याय होता, पुस्तक मिटायचे. त्याने वाचन चालू ठेवले. २५ डॉलर दंड झाला. मेयरने तो भरला नाही, खटला वर नेला, आणि जून १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मुलांना काय शिकवावे हे ठरवण्याचे पालकांचे आणि ते शिकवण्याचे शिक्षकाचे स्वातंत्र्य राज्याला असे हिरावून घेता येत नाही. अमेरिकी घटनात्मक कायद्यात हा निकाल आजही उद्धृत होतो. पण तोवर अनेक जर्मन वर्तमानपत्रे बंद पडली होती, शाळा इंग्रजीकडे वळल्या होत्या, श्मिटचे स्मिथ झाले होते. कागदावर सर्वांत मोठ्या समाजांपैकी असलेला हा समाज आज अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात इतका कमी का दिसतो, याचे उत्तर पुष्कळ अंशी त्या चार-पाच वर्षांत आहे. (नावांवरून आठवले. एलिस बेटावरच्या कारकुनांनी आमचे आडनाव बदलले, ही कथा तुम्हाला शेकडो अमेरिकी कुटुंबांत ऐकायला मिळेल. तिथले कारकून जहाजावर आधीच तयार झालेल्या यादीशी नावे ताडून पाहत. नावे बहुधा लोकांनी स्वतःच, पुढे सोयीने बदलली. तरी कथा मरत नाही, कारण नाव आपण टाकले म्हणण्यापेक्षा कोणी काढून घेतले म्हणणे सोपे जाते.)

याच वर्षांत वादाची दुसरी बाजूही उभी राहिली. लंडनचे ज्यू लेखक इझरेल झँगविल यांचे ‘द मेल्टिंग पॉट’ हे नाटक १९०८ मध्ये वॉशिंग्टनला रंगभूमीवर आले आणि त्याच्या नावाने देशाला एक घोषवाक्यच मिळाले : सगळे वितळून एक होतील. हॉरेस कॅलन यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘द नेशन’ साप्ताहिकात याला आव्हान दिले. लोकशाहीला वितळवणे मानवत नाही, वाद्यवृंदात प्रत्येक वाद्य आपल्या सुरात वाजते तसे समाज नांदावेत, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या वर्षी रॅन्डॉल्फ बोर्न यांनी ‘अटलांटिक मंथली’त याहून धीट निबंध लिहिला आणि अमेरिका हे राष्ट्रांपलीकडचे राष्ट्र व्हावे अशी कल्पना मांडली. आज वाचताना दोघांचीही दृष्टी उदार वाटते आणि दोघांतही एकच भगदाड दिसते. कॅलन यांच्या वाद्यवृंदात कृष्णवर्णीयांना जवळपास खुर्चीच नाही.

बोर्न कोलंबिया विद्यापीठातून बाहेर पडून फार काळ झाला नव्हता. तो जॉन ड्युई यांचा विद्यार्थी. ड्युईंच्या तासांना बसणारा आणखी एक विद्यार्थी १९१३ ते १९१६ या काळात त्याच विद्यापीठात होता, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मे १९१६ मध्ये, म्हणजे बोर्नचा निबंध छापून येण्याच्या दोन महिने आधी, भीमराव आंबेडकरांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात जातीवरचा आपला निबंध वाचला. जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, बाकी सारे त्याच्या रक्षणासाठी उभे राहते, हा त्याचा गाभा. बोर्न आणि आंबेडकर एकमेकांना भेटले असतील का, या तर्कात मला रस नाही. रस आहे तो यात, की पुढे अमेरिकी समाजशास्त्राने वांशिक समाज मुख्य प्रवाहात किती मिसळले हे मोजायला घेतले तेव्हा तेही लग्नाच्या आकड्यांपाशीच येऊन थांबले. मिल्टन गॉर्डन यांच्या १९६४ च्या पुस्तकात मिसळण्याच्या पायऱ्या मांडल्या आहेत. त्यांत आंतरविवाह ही एक महत्त्वाची पायरी. आयरिश, इटालियन, पोलिश यांची दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत आपापसांत लग्ने झाली, म्हणून नातवंडांना चार-चार मुळांतून निवड करता आली. आणि गोरे-काळे विवाह १९६७ पर्यंत १६ राज्यांत गुन्हा होता, म्हणून ती निवड दुसऱ्या बाजूला पोहोचलीच नाही. जातीचा अभ्यास केलेला मराठी विद्यार्थी या क्षेत्रात आला, तर त्याच्याकडे एक धारदार हत्यार आधीपासूनच असते. ते त्याने संकोचाने गुंडाळून ठेवू नये.

सिद्धान्ताकडे वळायचे तर तीन नावे पुरेत. मार्कस ली हॅन्सन हा स्कँडिनेव्हियन स्थलांतरितांचा मुलगा. १९३७ मध्ये इलिनॉयमधल्या रॉक आयलंड इथे स्वीडिश वारशाच्या मंडळींपुढे बोलताना त्याने मांडले, की मुलगा जे विसरू पाहतो ते नातू आठवू पाहतो. पहिली पिढी पोट भरण्यात गढलेली, दुसरी बापाच्या उच्चारांनी ओशाळलेली, तिसरीला ओशाळण्याचे कारणच उरलेले नाही. पुढच्याच वर्षी हॅन्सन वारला, पण त्याचा हा विचार पंधरा-वीस वर्षांनी असा गाजला की त्याला नियमाचा दर्जा मिळाला. नियम म्हणून तो लंगडा आहे. सगळे नातू काही आठवू पाहत नाहीत. १९७९ मध्ये हर्बर्ट गॅन्स याने, जो स्वतः नाझी जर्मनीतून पोरवयात निसटून आलेला, या आठवणीचे स्वरूप तपासले. त्याचे निदान असे, की नातवाचे वांशिकपण हे प्रतीकांचे वांशिकपण आहे. सणाला एक पदार्थ, भिंतीवर एक झेंडा, आयुष्यात एकदा आजोबांच्या गावाची सहल. त्यासाठी ना भाषा शिकावी लागते, ना मंडळात वेळ द्यावा लागतो, ना लग्न ठराविक घरात करावे लागते. किंमत मोजावी लागत नाही, म्हणूनच ते टिकते.

मेरी वॉटर्सचे १९९० चे पुस्तक मात्र मी कोणत्याही सिद्धान्ताआधी वाचायला सांगेन. सॅन होजे आणि फिलाडेल्फिया यांच्या उपनगरांत, पुढच्या पिढ्यांतल्या गोऱ्या कॅथलिक माणसांच्या बैठकीच्या खोल्यांत बसून तिने मुलाखती घेतल्या. तुमच्या समाजाचे वैशिष्ट्य काय, असे विचारले की इटालियन म्हणत : आम्ही कुटुंबाला जपतो, कष्ट करतो, देवाला आणि देशाला मानतो. आयरिशही तेच म्हणत. पोलिशही तेच. आणि प्रत्येकाला मनापासून वाटत असे, की हे आमच्यातच आहे. वॉटर्स त्यांना हसत नाही. ती एवढेच दाखवते, की या माणसांना आपले मूळ म्हणजे हवे तेव्हा अंगावर घ्यायची आणि नको तेव्हा काढून ठेवायची गोष्ट वाटते, आणि म्हणून कृष्णवर्णीय शेजारी वंशाविषयी इतका गंभीर का होतो हे त्यांना कळत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर माझ्या मते साऱ्या क्षेत्राचा तोल आहे.

तरीही ‘प्रतीकात्मक’ या शब्दाचा अर्थ ‘खोटे’ असा घेणाऱ्यांशी माझे भांडण आहे. विस्कॉन्सिनमधले न्यू ग्लॅरस हे गाव १८४५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतातून गरिबीमुळे बाहेर पडलेल्या लोकांनी वसवले. १९३८ पासून तिथले गावकरी दर उन्हाळ्याच्या शेवटी मोकळ्या माळावर विल्हेल्म टेलचे नाटक करत आले. पुढे गावातला आटीव दुधाचा कारखाना बंद पडला आणि दुकानांच्या दर्शनी भिंतींना लाकडी सज्जे, लाल फुलांच्या कुंड्या लागल्या. स्विस दिसणे हा आता रोजगार होता. पण नाटकात पिढ्यान्पिढ्या काम करणारी घरे, गायी हाकत रंगमंचावरून नेणारी पोरे, ही पर्यटकांसाठीच होती का? वॉशिंग्टन राज्यातल्या लेव्हनवर्थचा मासला आणखी वेगळा. हे लाकूडतोड्यांचे गाव. रेल्वेने मार्ग बदलला, गिरणी गेली, गाव ओस पडू लागले. १९६० च्या दशकात गावकऱ्यांनी ठरवून आपले गाव बव्हेरियन करून टाकले. जर्मन पूर्वजांची म्हणावी अशी परंपरा नव्हती. डोंगर तेवढे आल्प्ससारखे होते. पूर्वज नसताना वारसा उभा राहतो, हे इतक्या उघड्यावर दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. सेंट पॅट्रिकच्या दिवशी अमेरिकेत घरोघर शिजणारे खारवलेले गोमांस आणि कोबी यांचीही तीच कथा. आयर्लंडच्या गरिबाला गोमांस परवडत नव्हते; तो डुकराचे मांस खाई. न्यूयॉर्कमध्ये शेजारच्या ज्यू खाटकाकडे त्याला खारवलेले गोमांस स्वस्तात मिळाले. शिकागोची नदी हिरवी करण्याची प्रथा १९६२ ची, नळकामगारांच्या संघटनेने सुरू केलेली. या सगळ्यात आयर्लंडचे काय, असे विचारणाऱ्याचा प्रश्न चुकतो. हे सण अमेरिकेतच घडले आणि अमेरिकन होण्याच्या रीती म्हणूनच घडले. ओहायोतला माणूस हिरवी टोपी घालून मिरवणुकीत चालतो तेव्हा तो देशाशी असलेले नाते ढिले करत नसतो. तो त्याच्या देशाने मान्य केलेल्या पद्धतीने नागरिक म्हणून मिरवत असतो.

आता दुसरी बाजू. १८७० पर्यंत मागे जा, असे वंशावळ शोधणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला सांगितले जाते, आणि तिथे भिंत लागते. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची नावे जनगणनेत पहिल्यांदा लिहिली गेली ती त्या वर्षी. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांचे वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव, आणि त्याखाली ओळीने : वय, लिंग, वर्ण. पस्तीस वर्षांचा पुरुष, काळा. बारा वर्षांची मुलगी, मिश्र. एकेका ओळीला एकेक आयुष्य, नाव नाही. ज्यांच्या पूर्वजांची नावेच लिहिली गेली नाहीत, त्यांना त्या मोकळ्या ओळींत कोणता देश लिहायचा? अॅलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ १९७६ मध्ये आले, जानेवारी १९७७ मध्ये त्यावरची मालिका ओळीने आठ रात्री दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि अवघा देश पडद्यासमोर बसला. त्यातली वंशावळ इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, हे पुढे दाखवले गेले. पण त्या मालिकेनंतर गोऱ्या अमेरिकेलाही आपले मूळ शोधायचे वेड लागले, हे मॅथ्यू फ्राय जेकबसन यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात फार मार्मिकपणे उलगडले आहे. क्वान्झा हा सण १९६६ मध्ये लॉस एंजेलिसला मौलाना कारेंगा यांनी सुरू केला. त्यातले शब्द स्वाहिलीचे, पूर्व आफ्रिकेचे. गुलामांची जहाजे बहुतांशी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून आली. टीकाकार ही विसंगती दाखवतात. मला ती उलट समजण्यासारखी वाटते. नेमके गाव हिरावले गेले, तेव्हा माणसांनी अख्खे खंड उराशी धरले.

आणि सक्ती कशी असते ते पाहायचे असेल तर डोरोथिया लँगचे मार्च १९४२ मधले एक छायाचित्र शोधावे. कॅलिफोर्नियात ओकलंडमधल्या एका किराणा दुकानाच्या दर्शनी भागावर भलीमोठी पाटी आहे : ‘मी अमेरिकन आहे.’ दुकानाचा मालक जपानी वंशाचा, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीधर. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ती पाटी लावली. उपयोग झाला नाही. त्याच्यासह सुमारे १ लाख २० हजार लोक छावण्यांत डांबले गेले, त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. आदिवासी समाजांविषयी इथे विस्ताराने लिहीत नाही, कारण त्यांचा प्रश्न मुळात वारशाचा नाही, सार्वभौमत्वाचा आहे. पणजी चेरोकी होती असे सांगणारे गोरे अमेरिकन पुष्कळ भेटतात. चेरोकी राष्ट्राचे सदस्यत्व मात्र कौटुंबिक दंतकथेवर मिळत नाही, त्याला जुन्या नोंदणीपटातला पूर्वज दाखवावा लागतो.

भारतीयांची जागा मुभा आणि सक्ती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि ती सतत सरकत आली आहे. ज्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९२३ मध्ये मेयरची बाजू उचलून धरली, त्यानेच चार महिन्यांपूर्वी भगतसिंग थिंड यांना नागरिकत्वाला अपात्र ठरवले होते. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. आपण आर्य, म्हणून गोरे, असा त्यांचा दावा. न्यायालयाने सांगितले, की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. त्या दाव्यातला उच्चवर्णीय अहंकार आजच्या वाचकाला खटकेल, आणि खटकावाच. त्याच काळात कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यातले पंजाबी शेतकरी मेक्सिकन बायकांशी लग्ने करत होते, कारण गोऱ्यांशी लग्नाला कायदा आड येई आणि मायदेशातून बायको आणणे अवघड होते. या घरांतल्या मुलांची नावे स्पॅनिश, आडनाव सिंग, आणि स्वतःला ती सांगत ‘हिंदू’, कारण अमेरिकेत तेव्हा कोणत्याही भारतीयाला तोच शब्द होता. १९६५ च्या स्थलांतर-कायद्यानंतर नवे पंजाबी आले आणि त्यांना ही मंडळी आपली वाटेनात. कॅरन लेनर्ड यांनी १९९२ मध्ये या कुटुंबांवर लिहिलेले पुस्तक या क्षेत्रातल्या सर्वांत जिवंत पुस्तकांपैकी एक आहे. जनगणनेत ‘एशियन इंडियन’ अशी वेगळी चौकट आली ती १९८० मध्ये, तिथल्या भारतीय संघटनांनी मागणी केल्यावर; १९७० मध्ये भारतीय गोऱ्यांत मोजले गेले होते. अरबांचा प्रवास असाच उलट-सुलट. १९१५ मध्ये सीरियातून आलेल्या जॉर्ज डाऊ यांनी आपण गोरे आहोत हे न्यायालयातून मिळवले, आणि मार्च २०२४ मध्ये, अरब-अमेरिकन संघटनांच्या अनेक वर्षांच्या मागणीनंतर, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका असा स्वतंत्र गट सरकारने मान्य केला.

मराठी माणसाचे अमेरिकेकडे पाहणे जुने आहे. पंडिता रमाबाईंनी तिथल्या लोकस्थितीवर १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिले, तेव्हा त्या पाहुण्याच्या नजरेने पाहत होत्या. आता तिथे राहणाऱ्यांची नजर आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्याची अधिवेशने, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा, तिथी बाजूला ठेवून सुटीच्या दिवशी बसणारे गणपती, यांत गॅन्सचे म्हणणे कुठे लागू पडते आणि कुठे कोलमडते हे कोणीतरी बसून तपासायला हवे. न्यू जर्सीतल्या ढोलपथकात वाजवणारी मुलगी वॉटर्सच्या आयरिश माणसासारखी आहे का? एका बाबतीत असेल : तिला भाषा येत नसली तरी चालते. दुसऱ्या बाबतीत नाही : ढोल खाली ठेवून ती दुकानात शिरली, की ‘मूळची कुठली?’ हा प्रश्न तिची वाट पाहत असतो, आणि ‘एडिसनची’ हे उत्तर तिथे चालत नाही. शिवाय अमेरिकेत नेला गेलेला वारसा कोणत्या जातीचा, कोणत्या घरांचा, हा प्रश्न आंबेडकरी संघटनांनी तिथेही उभा केला आहे. मंडळांच्या स्मरणिका आणि अधिवेशनांच्या पत्रिका चाळताना तो सोबत असावा.

या कामाला मोठी ग्रंथालये लागतातच असे नाही. जनगणनेचे तक्ते सर्वांना खुले आहेत, जुन्या स्मरणिका पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांच्या कपाटांतही मिळतील. आरंभ वॉटर्सपासून करावा, मग लेनर्ड, मग मागे हॅन्सनकडे. गॅन्सचा निबंध लहान आहे, तो दोनदा वाचावा : एकदा पटण्यासाठी आणि एकदा भांडण्यासाठी. कॅलन आणि बोर्न वाचताना आंबेडकरांचा १९१६ चा निबंध शेजारी ठेवावा. आकड्यांचा तक्ता हाती आला, की त्या वर्षीची प्रश्नावली आधी काढावी आणि नमुन्यादाखल कोणती नावे छापली होती ते पाहावे, मगच बेरीज करायला बसावे.